तुमच्या हिरव्या इंजिनाची मिरज पॅसेंजर

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, आमचं ग्रीन इंजिन कुठंय? दाखव ना." मी फोन वळवला आणि तुम्हाला कढीपत्त्याची कुंडी दाखवली. तुम्ही हसलात, विषय निघून गेला. पण मला रात्रभर चुटपुट लागून राहिली. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवताना मी बजावत आले, की विचारलंय त्याचं उत्तर द्या, दुसरं काही लिहू नका. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा कढीपत्ता दाखवला. डिसेंबरात तुम्ही येणार, कपाट उघडणार. त्याआधीच सगळं लिहून ठेवते. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा. त्याला तरी कोल्हापुरी कळतं.

तर, तुमचं इंजिन आता हिरवं नाही. ते काळं आहे. चारही डबे गेरूसारखे तांबडे आहेत. हे मी केलं, तुम्हाला न विचारता केलं, आणि शुद्धीत असताना केलं.

गेल्या खेपेला तुमच्या बॅगांचं वजन जास्त भरलं म्हणून ती गाडी माझ्याकडे राहिली. मी खोक्यावर "नातवंडांची आगगाडी, नाजूक" अशी चिठ्ठी चिकटवून ते कपाटात ठेवलं होतं. या वर्षी गणपतीच्या आराशीला काय करावं सुचेना. इथे आमच्या कसबा बावड्यात शेजारपाजारचे लोक आराशीत देखावे करतात, कारंजी काय, डोंगर काय. मी म्हटलं आपण गणपतीभोवती आगगाडी फिरवू. रूळ मांडले, खटका दाबला, आणि तुमचं हिरवं इंजिन मखराला गोल गोल फेऱ्या घालायला लागलं. लोक दर्शनाला यायचे आणि गणपतीला नमस्कार करून गाडीकडेच बघत बसायचे.

गौरीच्या दिवशी माझा मोठा भाऊ आला. म्हणजे तुमच्या बाबाचा मामा. मी त्याला दादा म्हणते. तो गडमुडशिंगीला राहतो. वहिनीने त्याला रिक्षातून आणलं होतं. तो भिंतीकडेच्या खुर्चीत बसला, उजव्या हातावर नेहमीसारखा टॉवेल टाकला आणि गाडीकडे बघत राहिला. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर एकदम म्हणाला,

"ह्यो पोपट कुटनं आनलास?"

"पोपट काय, दादा? इंजिन आहे. पोरांचं."

"इंजिन आसं आसतंय व्हय? हिरवंगार? त्येच्या पुढं ती जाळी न्हाय, टपावर सावली न्हाय. ड्रायव्हर उनानं मरंल की."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. कारण तो सलग एवढं बोलून कित्येक महिने झाले होते.

आता दादाबद्दल सांगते. आमचे वडील मिरज लाइनवरच्या एका लहान स्टेशनात रेल्वेत होते, आणि दादा अठराव्या वर्षी त्याच लाइनवर इंजिनात कोळसा टाकायला लागला. फायरमन म्हणतात त्याला. तेव्हा कोल्हापूर-मिरज रूळ अरुंद होते आणि गाडी वाफेवर चालायची. मी बायकांच्या डब्यात बसून कोल्हापूरला कॉलेजात जायची आणि पुढे इंजिनात माझा भाऊ फावड्याने कोळसा ओढत असायचा. संध्याकाळी गाडी आमच्या स्टेशनात थांबली की मी बादली घेऊन इंजिनाकडे पळायची. तो एक तोटी सोडायचा आणि उकळतं पाणी बादलीत पडायचं. त्या पाण्याने आई माझं डोकं धुवायची. केसांना किंचित तेलकट धुराचा वास यायचा आणि कॉलेजातल्या मुली विचारायच्या, कुठलं तेल लावतेस? मी इंग्रजी शिकले ती त्याच्या त्या हाताच्या जोरावर. हे मी तुमच्या बाबालाही कधी सांगितलेलं नाही.

त्याच हाताला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. हलकाच होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात मागे राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हात वापरलात तर येईल, नाही वापरलात तर आहे तोही जाईल, आणि जे काय करायचं ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताटात वाटाणे दिले, एकेक उचलून वाटीत टाकायला. दादाने ताट सरकवलं. "मी वाटानं निवडत बसू व्हय?" त्यानंतर हात टॉवेलखाली गेला तो गेलाच. लोकांसमोर जेवायचा नाही. पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा कागद तसाच टाकून बँकेतून घरी आला. गौरीच्या दिवशी झटक्याला अकरा महिने झाले होते.

म्हणून तो पोपट म्हणाला तेव्हा मला राग यायच्या ऐवजी कागद-पेन्सिल आठवली. "बरं," म्हटलं, "काय काय चुकलंय सांग. मी लिहून घेते." त्याने सतरा चुका सांगितल्या. अजून ती यादी माझ्याकडे आहे.

गणपती पोचवल्यावर मी कामाला लागले. इंजिन आणि डबे उघडले. आत इतके बारीक स्क्रू, की शिंकलं तर हरवतील. माझी गोळ्यांची डबी आहे ना, वारांचे खण असलेली? गोळ्या वाटीत काढल्या आणि स्क्रू त्यात घातले. सोमवारी इंजिनाची चाकं, मंगळवारी टप, बुधवारपासून डबे. पुढे एकदा घाईत मी रक्तदाबाच्या गोळीऐवजी गुरुवार तळहातावर ओतून घेतला, पण वेळेत चष्मा लावला.

दादा आठवड्यातून दोनदा यायला लागला. वहिनी त्याला माझ्याकडे सोडायची आणि स्वतः देवळात जायची. "घरात नुसतं भिताडाकडं बगत बसत्यात," ती म्हणायची, "तुमच्याकडं निदान भांडत्यात तरी." भांडण भरपूर व्हायचं. तुमचे डबे विलायती, खिडक्यांना मोठ्या काचा. आमच्या गाडीच्या खिडक्यांना आडवे गज होते. मी सुती दोरा कांजीत बुडवून वाळवला आणि त्याचे गज कापले.

"चार लावते," मी म्हटलं.

"तीन हुतं."

"मला चार आठवतात. खालच्यावर मी हनुवटी टेकायची."

"त्यो गज न्हवं, खिडकीचा काठ. कॉलेजात गेलीस आनि मोजाय शिकली न्हाईस?"

तीन लावले. पुढची जाळी, म्हणजे रुळावर आलेलं जनावर बाजूला सारणारी, मी जुन्या फणीच्या दातांची केली. टपाची सावली बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची. कोळशासाठी इस्त्रीवाल्याकडून निखाऱ्यांतला विझलेला कोळसा आणून खलबत्त्यात फोडला. दादाने चिमूटभर डाव्या तळहातावर घेतला. "ह्यो लाकडाचा. दगडी कोळसा चमकतोय." मग त्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं आणि तो चमकला. दादाने तो उजेडात धरून पाहिला. यादीतल्या त्या ओळीवर मी काट मारली.

एकदा, फक्त एकदाच, मी त्याच्यासमोर चिमटा ठेवला. "हा दोरा जरा धर ना." त्याने चिमट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला न्हाय जमायचं, बाय." आणि टॉवेल सारखा केला. नंतर मी तसं परत केलं नाही. पण मोजत होते. बारावा महिना लागला होता.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा ब्रशचे फराटे उठायला लागले. एवढ्याशा इंजिनाला फराटा म्हणजे मुंगीच्या पाठीवर दोरखंड. तेव्हा मला आठवलं, की गणपतीच्या मूर्तींना अंगकांती देतात ती बारीक फवाऱ्याने. कुंभार गल्लीतल्या एका मूर्तिकाराकडे आम्ही गेलो. नवरात्र बसलं होतं, देवीच्या मूर्ती गेल्या होत्या, त्याला थोडी उसंत होती. पुढच्या वर्षीच्या रिकाम्या साच्यांमध्ये दोन खुर्च्या टाकून त्याने आम्हाला बसवलं.

"काय मॅडम, ह्या खेपंला आगगाडीची मूर्ती?" मग दादाकडे वळून, "बोला पावणं, नुसता काळा मारू का मोत्याची झाक देऊ?"

"मी पावना न्हाय," दादा म्हणाला, "मी रेल्वेचा मानूस हाय. झाक कशाला? म्हस नटवायची हाय का?"

"आमच्याकडं आलेला द्येव चमकून जातो. इंजिनानं काय पाप केलंय?"

"इंजिनाला तेल आनि काजळी. बास."

शेवटी ठरलं, की रंग दादाच्या मनासारखा, आणि वरून पातळ वॉर्निश मूर्तिकाराच्या मनासारखं. चार दिवसांत त्याने इंजिन काळंभोर केलं, डबे तांबडे केले, खिडक्यांखाली पिवळी रेघ ओढली आणि प्रत्येक डब्यावर सुईच्या टोकाएवढ्या अक्षरांत "कोल्हापूर–मिरज" लिहिलं. पण इंजिनाच्या कपाळावरचा दिवा तसाच सोडला.

"दिवा राहिला," मी म्हटलं.

"दिवा शेवटी, मॅडम. आमच्यात डोळं शेवटी उघडत्यात. वॉर्निश वाळल्याबगर न्हाय."

"इंजिनाला डोळं?" दादा म्हणाला.

"मग दिवा म्हंजे काय आसतंय?"

दादाने वाकून इंजिनाचं कपाळ निरखलं. मग म्हणाला, "बरोबर हाय. दिवा तपासल्याबगर आमी बी गाडी सोडत न्हवतो." तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

अष्टमीला सकाळी मूर्तिकाराने वॉर्निश मारलं आणि गाडी पुठ्ठ्याच्या खोक्यात अलगद ठेवून दिली. "दोन दिस हात लावू नका. दसऱ्यानंतर आना, डोळं उघडू." मी म्हटलं, अगदी बरोबर. घरी आणून टेबलावर ठेवली, वर जाळीदार झाकण घातलं, आणि झाकणावर चिठ्ठी लावली: "हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण ज्या वस्तूंच्या आधारावर जगतो त्यांची पूजा करतो. माझा क्रम ठरलेला आहे. शिवणयंत्र, मिक्सर, शेगडी, विळी, स्कूटर, लॅपटॉप. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. या वर्षी यंत्रांमध्ये एक नवं होतं. मी चिठ्ठी बाजूला केली, झाकण काढलं, ओल्या बोटाने इंजिनाच्या गोल तोंडावर हळद लावली, कुंकू लावलं, टपावर अक्षता टाकल्या, धुराड्यावर झेंडू ठेवला, हात जोडले आणि झाकण परत घातलं. चिठ्ठीसुद्धा परत लावली. पूजा करणं म्हणजे हात लावणं, असं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या वयाच्या आणि माझ्या शिक्षणाच्या बाईला!

दसऱ्याच्या सकाळी निर्माल्य काढायला गेले तर झेंडू उचलला आणि त्याच्या दोन पाकळ्या धुराड्यालाच राहिल्या. अक्षता हलेनात. कुंकू पुसायला गेले तर ते वॉर्निशमध्ये मुरलेलं होतं. मी ओला कापूस घेतला, मग तेलाचा कापूस घेतला, आणि मग खुर्चीत बसले. महिनाभराचं काम. मूर्तिकाराला फोन केला, तर तो गावाला गेलेला. तेवढ्यात दारात रिक्षा वाजली. दादा आणि वहिनी, आपट्याची पानं घेऊन.

लपवायला वेळच नव्हता. दादाने सोनं माझ्या हातात ठेवलं आणि टेबलाकडे गेला. वाकून बघितलं. सरळ झाला. पुन्हा वाकून बघितलं.

"हे काय केलंस?"

"पूजा केली."

"वल्या वॉर्निशवर?"

"हो."

"आनि ती चिठ्ठी कुनासाठी लावलीस?"

मी चिठ्ठी काढून मुठीत चुरगाळली. मग तो हसायला लागला. खुर्ची धरून हसला, वहिनीने पाणी आणलं ते ठसक्याने सांडलं, आणि पुन्हा हसला. "शाळा शिकवलीस व्हय तू! पोरींचं कसं झालं आसंल!" मलाही हसू आवरेना. वहिनी दोघांकडे बघून म्हणाली, "दोघंबी येडी झालीत." आणि तीही हसायला लागली.

डोळे पुसून तो म्हणाला, "कुंकू ऱ्हाऊ दे. शेडमधी खंडेनवमीला इंजिनाला आसंच लावायचो आमी. काजळीखाली जाईपर्यंत पार दिवाळीपतूर ऱ्हायाचं. पर तांदूळ काडाय पायजेत. टपावर तांदूळ घिऊन गाडी मिरजंला जात न्हाय." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "सुई दे. आनि तुमी दोगी आत जावा. च्या टाका."

मी सुई दिली. आम्ही आत गेलो. चहा उकळून उकळून काळा झाला तरी वहिनी गाळू देईना. बाहेरून काहीच आवाज येत नव्हता, मधूनच एखादी शिवी. वहिनी माझं मनगट घट्ट धरून उभी होती. बराच वेळ गेल्यावर त्याने हाक मारली.

टॉवेल जमिनीवर पडला होता. तो उचलायचं त्याच्या ध्यानात नव्हतं, आमच्या होतं, पण कोणी उचलला नाही. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. टपावरच्या पाच तांदळांपैकी चार निघाले होते. जिथून निघाले तिथे वॉर्निशला चार ओरखडे होते, त्यातला एक चांगला लांब.

"पाचवा हालंना," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. तुझी पूजा म्हनून."

"कुठल्या हाताने काढलेस?" वहिनीने विचारलं. तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"डाव्यानं सुई धरता येती व्हय गं?" तो खेकसला. "आनि पांढरा रंग आन. दिवा आजच करायचा. दसऱ्याला गाडी सुटाय पायजे."

पांढरा रंग माझ्याकडे कुठला असणार? मास्तरणीच्या घरात पांढरं म्हणजे चुका खोडायचं व्हाइटनर. ती बाटली दिली. या वेळी त्याने आम्हाला आत पाठवलं नाही. उजव्या हातात तो इवलासा ब्रश धरला, डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं, आणि टेबलावर कोपर टेकवलं. पहिल्यांदा ब्रश दिव्याच्या बाजूला लागला. "हात्तिच्या." मी पुसलं. दुसऱ्यांदा ब्रश दिव्यापर्यंत पोचायच्या आत त्याने स्वतःच मागे घेतला. तिसऱ्यांदा टेकला. दिवा पांढरा झाला, आणि एक ओघळ कडेवरून खाली आला. आम्ही तिघेही त्या ओघळाकडे बघत होतो. पुसायचा कापूस मी खाली ठेवला.

दहा मिनिटांनी टेबलावर रूळ मांडले आणि खटका दाबला. काळं इंजिन, कपाळावर कुंकू, टपावर एक तांदूळ, मागे चार तांबडे डबे, टेबलभर गोल फिरायला लागलं. वहिनी प्रत्येक फेरीला "आली, आली" म्हणत होती. दादा फक्त बघत होता. पाचव्या-सहाव्या फेरीला म्हणाला, "व्हय. हीच हुती."

आता शेवटचं, आणि तेही कबूलच करते. गाडी माझ्या कपाटात नाही. ती गडमुडशिंगीला दादाकडे आहे. डबे एकमेकांना जोडायचे ते बारीक आकडे आहेत ना, तुमच्या नखाएवढे? वहिनीने ते व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, वाटाण्यापेक्षा हे कठीण आहे, हेच करा. आता दादा रोज सकाळी चारही डबे उजव्या हाताने सोडतो आणि परत जोडतो. त्याला तो व्यायाम म्हणत नाही, शंटिंग म्हणतो. वहिनीने वाटाण्याची उसळ करून टाकली.

डिसेंबरात आपण तिकडे जाऊ. तुम्हाला इंजिन परत हिरवं हवं असेल तर सांगा, तुमचं आहे, मूर्तिकार करून देईल. पण दादाशी आधी तुम्ही बोला. मी बोलणार नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हात तपासला. खांद्याचा जोर फार आलेला नाही, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून वळत नाहीत. अंगठा आणि पुढची दोन बोटं यांची पकड शिल्लक आहे. तेवढ्या पकडीत चमचा राहतो, आकडा राहतो, आणि बँकेत सही करण्यापुरतं पेन राहतं.

तुमची,
आजी